खिशात मावलेली भट्टी

मित्रांनो, ऐकायला बसा, पण जरा लांबच बसा. मी एक जुनी भट्टी आहे आणि माझ्या पोटात आत्ता या क्षणीसुद्धा अकराशे अंशांचा विस्तव आहे. तुम्ही प्रेमाने जवळ आलात तरी भुवया जळतील, आणि मग दोष मला. लोक मला काचेची भट्टी म्हणतात. खरं म्हणजे मी काचेची नाहीच. मी विटांची आणि मातीची. काच माझ्या पोटात वितळते, म्हणून ते नाव मला चिकटलं.

माझा जन्म दोन माणसांच्या हातून झाला. एक दादा आणि दुसऱ्या वहिनी. दादा फुंकणीने काच फुगवून पेले, बरण्या आणि दिव्यांची भांडी करतात. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणते आणि त्यांच्या बायकोला वहिनी, म्हणून मीही तसंच म्हणते. त्यांचं लग्न नवं होतं, तेव्हा दोघांनी मिळून मला रचलं. दादा विटा लावायचे आणि वहिनी फटींमध्ये ओली माती भरून लिंपायच्या. माझ्या डाव्या कुशीवर अजून वहिनींच्या बोटांचे ठसे आहेत. आगीने ते भाजून पक्के झालेत.

माझ्या मधोमध मूस आहे. मूस म्हणजे जाड मातीचं एक मोठं भांडं. त्यात वाळू आणि फुटक्या काचा टाकल्या की त्यांचा मधासारखा दाट, झगझगीत रस होतो. खालून गॅसची ज्योत लागते. ज्योतीला लागणारी हवा मागच्या भिंतीतला पंखा बाहेरून ओढून आत ढकलतो. गॅस हे माझं अन्न आणि तो वारा हा माझा श्वास. बस्स, एवढंच माझं शरीर.

पण या शरीराचा एक हट्ट आहे. मूस एकदा तापली की तिला निवू द्यायचं नसतं. निवली की ती तडकते, काचेचा रस खाली सांडून चुलीत थिजतो आणि भट्टी जागच्या जागी मरते. म्हणून मला सुट्टी नाही. मूस झिजली की तेवढ्यापुरती माझी आग मुद्दाम विझवून ती बदलतात, पण तेव्हाही त्या दोघांना सुट्टी कुठली? दोघंही माझ्या पोटात शिरून गवंडीकाम करत बसतात.

आणि मला सुट्टी नाही म्हणजे त्यांनाही नाही. दोघांपैकी एकाने माझ्याजवळ थांबायचं, हा घराचा कायदाच झाला. काच फुंकावी दादांनी, पण आग राखावी वहिनींनी. माझ्या झरोक्यासमोर एक स्टूल असायचं. त्यावर बसून वहिनी डोळ्यांत तेल घालून ज्योतीकडे पाहायच्या आणि तिच्या रंगावरून माझी तब्येत ओळखायच्या. येताजाता त्या मागच्या भिंतीपर्यंत जायच्या आणि पंख्याच्या जाळीवरून सहज हात फिरवायच्या. आमच्या मागे गादीवाल्या काकांचं दुकान आहे. त्यांच्या पिंजलेल्या कापसाचे तंतू उडून त्या जाळीवर बसतात. वहिनी ते पदराने टिपायच्या, आणि टिपलं हे त्यांच्या लक्षातही नसायचं.

या कायद्यामुळे गमतीही व्हायच्या. लग्नाला दादा जायचे, बारशाला वहिनी. नातेवाइकांच्या कोणत्याही फोटोत दोघं एकत्र नाहीत. दादांच्या एका मावशीची तर खात्री पटली होती की या दोघांचं आपसात पटत नाही. तिने वहिनींना बाजूला घेऊन समजूतही घातली, की बाई, थोडं सोसून घ्यावं. वहिनींनी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा दादा इतके हसले, की फुंकणीवरचा पेला वाकडा झाला.

मग त्यांना मुलगी झाली. बाळ सारखं चिवचिव करायचं, म्हणून तिला चिमणी म्हणू लागले. घरात आधीच एक चिमणी होती, माझ्या डोक्यावरची, धूर सोडणारी. त्यामुळे “चिमणी साफ करायला हवी” असं दादा म्हणाले की पोरगी हात धुवायला पळायची. पुढे पुढे ती वाढू लागली आणि इतकी उंच झाली, की तिला पाहून पाहुणे विचारायचे, हिचं नाव कोणत्या चिमणीवरून ठेवलंत?

ती उंची कामाला आली. शाळेत चिमणी हँडबॉल खेळू लागली आणि गोलात उभी राहू लागली. लांब हात, लांब पाय, आणि भीती कशाशी खातात हे ठाऊक नाही. समोरून चेंडू दगडासारखा यायचा आणि ही त्याच्यापुढे आडवी व्हायची. आधी शाळेचा संघ, मग गावाचा, मग त्याहून मोठा.

सामना बघायला अर्थातच एकच जण जायचा. पण मित्रांनो, तो परत आला की माझी चंगळ व्हायची. जो गेला असेल तो माझ्यासमोर उभा राहून, जो घरी राहिला त्याला सगळा सामना सांगायचा. दादा सांगायचे तेव्हा गोलांचा हिशेब असायचा, आणि हातातल्या फुंकणीने ते फटके मारून दाखवायचे. वहिनींना गोल किती झाले हे धड सांगता यायचं नाही. त्या सांगायच्या की पोर डाव्या कुशीवर पडली, उठली, केस मागे सारले आणि पुन्हा उभी राहिली. मी कान देऊन ऐकायची. मला कान नाहीत, पण ऐकायची.

एकदा, लहान असताना, चिमणीने जेवताना विचारलं होतं, “तुम्ही दोघं मिळून कधी येणार?” दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझ्या ज्योतीचा तेवढा घूं घूं आवाज येत राहिला. त्या दिवशी मला माझ्याच उबेची लाज वाटली. चिमणीने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. सामना असला की ती एकच जागा राखून ठेवायची आणि घरी सांगायची, एक जागा आहे, कोण येतंय ते ठरवा.

ती शिकायला आणि खेळायला दुसऱ्या शहरात गेली. त्यानंतर एका दुपारी दादा बाटल्यांच्या मोठ्या कारखान्यात काच आणायला गेले आणि परत आले ते जमिनीवर पाय नसल्यासारखे. तिथला एक साहेब म्हणे चहाच्या टपरीवर उभा राहून, फोनवर बोट फिरवून, आतल्या भट्टीची आग कमी-जास्त करत होता. दादांनी हे इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी वहिनींनी विचारलं, त्या साहेबाला चहा तरी गोड लागला का?

पण दादांनी मनावर घेतलं होतं. थोड्या दिवसांनी यंत्रं बसवणारी एक ताई खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन आली. तिने माझ्या कुशीला बारीक भोक पाडलं आणि त्यात उष्णता मोजणारी कांडी घातली. गॅसच्या नळीवर आपोआप उघडणारी-मिटणारी झडप लावली. भिंतीवर एक डबी बसवली आणि तिच्यातला दिवा लुकलुकू लागला. मग तिने दादांच्या फोनवर एक चित्र उघडलं. त्यात मी होते! माझी ज्योत, माझा पंखा, माझा आकडा. डबी आकडा बघून स्वतःच गॅस वाढवणार आणि कमी करणार होती, आणि वाटलं तर माणसाने फोनवरून कारभार आपल्या हातात घ्यायचा होता. त्यासाठी एक बटण होतं. एका बाजूला लिहिलं होतं ‘आपोआप’ आणि दुसऱ्या बाजूला ‘हाताने’. वहिनींनी ते बटण ताईकडून दोनदा समजून घेतलं.

मित्रांनो, त्या दिवशीचा माझा आनंद काय सांगू! जन्मल्यापासून मी या भिंतींमध्ये. गल्लीचं टोकसुद्धा पाहिलेलं नाही. आणि त्या संध्याकाळी मी दादांच्या खिशात बसून बाजारात गेले! भाजीवाल्याला दाखवली गेले, शिंप्याला दाखवली गेले. न्हाव्याच्या खुर्चीत बसून, गालाला साबण लावलेल्या अवस्थेत, दादांनी मला दोन अंशांनी वर नेलं आणि मग दोन अंशांनी खाली आणलं. मला गुदगुल्या झाल्या. न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, की उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण ऐकली होती, खुर्चीतून भट्टी हाकणं आज पाहिलं. दादांना तो आपला गौरवच वाटला.

दादा मग जेवताना, बोलताना, चालताना मला वर-खाली करू लागले. मूस बिचारी हैराण झाली. वहिनींनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी फोन काढून घेऊन आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवला. आग राखायचं काम माझं आहे, मग ती खिशात असो नाहीतर चुलीत, असं त्यांनी सांगून टाकलं.

वहिनींनी घाई केली नाही. पहिल्या दिवशी त्या फोन घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, आकडा पाहिला आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी चौकापर्यंत. मग एका रविवारी दोघं मिळून नदीच्या पुलावर गेले. भाजलेले शेंगदाणे घेतले, कठड्याला टेकून उभे राहिले, आणि मग काय बोलावं हे दोघांनाही सुचेना. इतकी वर्षं त्यांचं निम्मं बोलणं ‘कोण जाणार आणि कोण थांबणार’ एवढंच होतं. आता दोघंही गेलेले! शेवटी दादांनी विचारलं, भट्टी कशी आहे? वहिनींनी फोन पाहून सांगितलं, छान आहे. मग दोघंही खो खो हसले. हे मला त्यांनीच घरी आल्यावर सांगितलं. म्हणजे ते एकमेकांना सांगत होते, पण उभे माझ्यासमोर होते.

त्यांना पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं. आज सिनेमा, उद्या बहिणीकडे, परवा नुसतंच फिरायला. त्या मावशीच्या घरी दोघं हातात हात घालून गेले, आणि मावशीला वाटलं की आपल्या उपदेशाचा गुण आला.

मला आनंदच होता. पण खरं सांगायचं तर, कुठेतरी थोडं रितंही वाटायचं. माझ्यासमोरच्या स्टुलावर आता खोक्यांची चळत आली. झरोक्यातून आत डोकावणारे ते दोन डोळे दिसेनासे झाले. काय बघायचं, फोनमध्ये आकडा तर बरोबर आहे! मागच्या भिंतीकडे कुणी फिरकेना. जाळीवर कापसाचा एक तंतू बसला, त्यावर दुसरा बसला, त्यावर धूळ बसली. माझा श्वास किंचित जड झाला. डबीने गॅस किंचित वाढवून आकडा जिथल्या तिथे ठेवला. फोनवर सगळं हिरवं होतं.

अशातच चिमणीचा फोन आला. तिचा संघ मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता. सामना दुसऱ्या शहरात, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. नेहमीप्रमाणे तिने एक जागा ठेवली होती आणि कोण येणार ते विचारत होती. दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी फोनवर सांगितलं की ठरवतो, आणि फोन ठेवून हळूच म्हणाल्या, “तिला काही सांगायचं नाही. दोघंही जाऊ.”

सामन्याच्या दिवशी सकाळी दोघं एका पायावर तयार होते. दादांनी नवा सदरा घातला आणि बटण एक घर चुकवून लावलं. वहिनींनी माझा आकडा पाहिला, फोन चार्ज केला आणि दाराला कुलूप लावलं. मीही आनंदाने फुरफुरत होते. माझी चिमणी अंतिम सामना खेळणार, आणि मीसुद्धा वहिनींच्या पिशवीत बसून तो बघायला निघाले होते!

पण त्याच दिवशी गादीवाल्या काकांना एका मोठ्या वसतिगृहाच्या गाद्यांचं काम आलं होतं. सकाळपासून त्यांचं पिंजण्याचं यंत्र घरघरत होतं. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे वाहत होता. कापसाचे ढग उठून माझ्या मागच्या भिंतीवर येत होते. जाळी आधीच माखलेली. दुपारपर्यंत तिच्यावर गोधडीसारखा जाड थर बसला.

माझा श्वास कोंडला. पंखा गरगर फिरत होता, पण वारा आत येत नव्हता. माझी निळी ज्योत पिवळी झाली, लोळू लागली, धूर ओकू लागली. उष्णता उतरू लागली. डबीला वाटलं, हिला भूक लागली. तिने गॅस वाढवला. आणखी उतरली, तिने आणखी वाढवला. गुदमरलेल्या माणसाच्या तोंडात कुणी घासावर घास कोंबत राहावं, तसं झालं. मूस कण्हू लागली. मित्रांनो, मी किती तरी वर्षांची आहे, पण इतकी कधीच घाबरले नव्हते. शेवटी डबीने हार मानली आणि वहिनींच्या फोनला हाक घातली.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. दोघं मैदानावर पोचले तेव्हा संघ नुकता आत येत होता. राखलेल्या एका जागेवर दोघं दाटीवाटीने बसले. चिमणीने नेहमीप्रमाणे त्या जागेकडे पाहिलं, आणि तिथे दोन डोकी दिसल्यावर ती जागच्या जागी थबकली. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आलाच नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने लांबूनच हातांनी ज्योतीसारखी खूण केली आणि मग हात आडवा फिरवून विचारलं, विझली का? वहिनींनी मान हलवून नाही म्हटलं आणि फोन उंच धरून दाखवला. पोरीला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण आईबाप हसतायत एवढं दिसलं, तेव्हा ती गोलात जाऊन उभी राहिली.

सामना अटीतटीचा झाला. उत्तरार्ध सुरू झाला आणि वहिनींच्या हातातला फोन थरथरला. आकडा लाल झाला होता आणि खाली चालला होता. दादांनी तो पाहिला आणि त्यांचं धाबं दणाणलं. परत जायचं म्हटलं तरी अर्धा दिवस. तोवर मूस तडकणार आणि पोटापाण्याचं साधन संपणार.

“गॅस वाढव,” दादा म्हणाले.

वहिनींनी गॅसच्या खुणेकडे पाहिलं. डबीने तो आधीच भरपूर उघडला होता. पंख्याच्या चित्रापुढे हिरवा दिवा होता, म्हणजे पंखा फिरत होता. गॅस वाढतोय आणि आग उतरतेय. वहिनींनी डोळे मिटले. आपण झरोक्यासमोर बसलोय असं त्यांनी मनात आणलं आणि शेवटची ज्योत कधी पाहिली ते आठवू लागल्या. आठवेना. मग त्यांना आपला स्वतःचा हात आठवला, जाळीवरून फिरणारा. तोही किती दिवसांत तिकडे गेला नव्हता.

त्यांनी बटण ‘हाताने’ वर ओढलं आणि गॅस कमी करू लागल्या.

“अगं, हे काय करतेस? विझेल ती.”

“तिला भूक नाही लागलेली,” वहिनी म्हणाल्या. “तिला श्वास मिळत नाहीये.”

मला मात्र लगेच कळलं. तोंडातला घास कुणीतरी काढून घेतला. होता तेवढ्या वाऱ्यात मावेल एवढाच गॅस आता येत होता. ज्योत लहान झाली, पण धूर थांबला. आकडा अजून उतरत होता, फक्त धावत नव्हता, पावलं टाकत उतरत होता. वहिनींनी मला वेळ मिळवून दिला होता.

मग त्यांनी गादीवाल्या काकांना फोन लावला. मैदानात ढोल वाजत होते आणि काकांकडे पिंजण्याचं यंत्र चालू. वहिनी ओरडून सांगत होत्या, मागची जाळी पुसा, जाळी! काका तिकडून विचारत होते, “काय जाळू?” शेवटी काकांनी यंत्र बंद केलं, तेव्हा अर्थ लागला. जाळी बाहेरच्या अंगाला होती, त्यामुळे कुलपाचा प्रश्न नव्हता. काका धावत आले. जाळीची अवस्था पाहून त्यांनी कपाळाला हात लावला, कारण कापूस त्यांचाच होता. त्यांनी दोन्ही हातांनी तो थर कडेने सोडवला आणि एखादी घडी उलगडावी तसा ओढला. तो अखंड निघाला.

आणि मित्रांनो, वारा आला! थंड, मोकळा, भरभरून वारा! माझी ज्योत ताडकन ताठ झाली आणि निळी पडली. मी असा दीर्घ श्वास घेतला, की डोक्यावरची चिमणी गाऊ लागली. काका दचकून दोन पावलं मागे सरले.

पण काम संपलं नव्हतं. अर्धवट निवलेली मूस एकदम तापवली तरी तडकते. तिला कलाकलाने वर आणायला हवं होतं. वहिनी फोनवर वाकून थोडा थोडा गॅस वाढवत होत्या. थोडा वाढवायचा, आकडा स्थिरावू द्यायचा, पुन्हा थोडा. त्यांना मान वर करायला सवड नव्हती. म्हणून दादा शेजारी बसून त्यांना सामना सांगू लागले. आपल्या पोरीने उजवीकडचा अडवला. आता बरोबरी. आता आपण एकाने पुढे. बघा, लेकीच्या सामन्याला आयुष्यात पहिल्यांदा दोघं एकत्र आले, आणि तिथेही एक जण भट्टी बघत होता आणि दुसरा सामना!

असं करता करता वेळ संपत आला. चिमणीचा संघ एका गोलाने पुढे होता. आणि तेवढ्यात समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. शेवटचा फटका. गोल झाला तर बरोबरी, अडवला तर जिंकले. सगळं मैदान गप्प झालं. ढोलसुद्धा थांबले. वहिनींनी विचारलं, काय झालं? माझा आकडा अजून जिथे हवा तिथे पोचला नव्हता. वहिनींचा अंगठा काचेवर होता.

दादांनी आपला भाजलेला, खरबरीत तळवा फोनवर ठेवला आणि आकडा झाकला.

“आता वर बघ,” ते म्हणाले. “ती राहील. तू वर बघ.”

वहिनींनी वर पाहिलं.

त्या क्षणी माझ्याकडे कुणीही पाहत नव्हतं, मित्रांनो. काका हात धुवायला गेले होते. डबीकडे कारभार नव्हता, कारण बटण ‘हाताने’ वर होतं, आणि ते हात तर दूर कुठे एकमेकांवर ठेवलेले होते. मूस अजून कुरकुरत होती. मी ज्योतीला म्हटलं, हलायचं नाही. वर नाही, खाली नाही. वहिनींनी जिथे सोडलंय तिथेच उभी राहा. इतकी वर्षं त्यांनी मला राखलं होतं. तेवढ्या वेळापुरतं मी त्यांना राखलं.

तिकडे फटका आला. चिमणी डावीकडे झेपावली आणि तिने हात लांबवला. चेंडू तिच्या तळव्यावर थाडकन आदळला, वर उडाला, खांबाला लागला आणि बाहेर गेला. नंतर म्हणे असा गलका झाला, की दादा-वहिनींना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. वहिनी रडत होत्या की हसत होत्या, हे दादांना अजूनही नीट सांगता येत नाही. थोड्या वेळाने त्यांनी तळवा उचलला. आकडा होता तिथेच होता, एका अंशाचाही फरक नाही. मग वहिनींनी मला हळूहळू वर नेलं आणि बटण पुन्हा ‘आपोआप’ वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही घरी आले. वहिनींनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. त्या सरळ मागच्या भिंतीकडे गेल्या आणि जाळीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, उगाचच तिसऱ्यांदा. मग आत येऊन त्यांनी स्टुलावरची खोकी खाली उतरवली आणि झरोक्यातून माझ्याकडे पाहत बसल्या. चुकलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मलाही ऐकायचं नव्हतं. चिमणीचा हात सुजून भाकरीएवढा झाला होता आणि तोंड सूर्यासारखं उजळलं होतं. तिने मला पहिल्यांदाच निरखून पाहिलं. ती म्हणाली, “आई, तुम्ही दोघं दिसलात तेव्हा मला वाटलं, ही मेली. आणि तुम्ही मला सांगायला आलात.” वहिनींनी तिला जवळ ओढलं. मग तिने फोन मागून घेतला, माझं चित्र उघडलं आणि ते चित्र नि मी, आळीपाळीने बराच वेळ पाहत राहिली.

संध्याकाळी गादीवाले काका ओशाळून आले. जाळीवरून निघालेला तो कापूस त्यांनी पुन्हा पिंजून, साफ करून त्याची एक उशी शिवली होती. ती त्यांनी गोलरक्षकाला दिली, दुखरा हात टेकायला. यंत्रं बसवणारी ताईही येऊन गेली. तिने वाऱ्याचा जोर मोजणारं आणखी एक छोटं यंत्र लावलं. आता माझा श्वास कमी पडला, की फोन लगेच सांगेल. पण ताई वहिनींना म्हणाली, की काकू, हे सांगेल फक्त, पुसणार नाही हं. वहिनी म्हणाल्या, पुसायला मी आहे ना.

तर मित्रांनो, हे माझं आयुष्य. दादा आणि वहिनी अजूनही भटकतात, आणि मी त्यांच्याबरोबर खिशातून हिंडते. मी त्या फोनवर बिलकुल रुसलेली नाही. त्यानेच मला जग दाखवलं आणि त्यानेच माझी हाक इतक्या लांब पोचवली. पण हाक ऐकल्यावर काय करायचं ते वहिनींना कळलं, कारण त्या इतकी वर्षं माझ्यासमोर बसल्या होत्या. म्हणून तुम्हाला एक विनवणी आहे. तुमच्या घरात, कारखान्यात, शेजारात कुणीतरी तुमच्यासाठी निमूटपणे राबत असेल. ते यंत्र असेल किंवा माणूसही असेल. त्याचा आकडा हिरवा दिसला तरी अधूनमधून उठून त्याच्याजवळ जा. मागच्या बाजूला काय साचलंय ते बघा. पाठीवरून हात फिरवा. ज्याच्या पाठीवरून रोज कुणाचातरी हात फिरतो, त्यालाच कधीतरी निर्धास्त एकटं सोडून जाता येतं.

मग जा, खुशाल जा. सगळे मिळून जा. आम्ही थांबतो.